एका टाकीचे तीन भाव

लातूरला ज्या उन्हाळ्यात पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं, त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी आमच्या गाडीला तांब्याभर पाणी पाजत असे. शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून बॉनेट अर्धंच उघडायचो. कॉलनीतल्या नळांना पाणी येणं बंद होऊन महिने झाले होते. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि त्याच्या पाइपावरून दोन सेवानिवृत्त मुख्याध्यापकांची झोंबाझोंबी झालेली मी स्वतः पाहिली होती. अशा गावात चोरून दारू पिणाऱ्याला लोकांनी माफ केलं असतं. गाडीला पाणी पाजणाऱ्याला केलं नसतं.

दोष कूलंटच्या टाकीचा होता. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती जे हिरवं पाणी फिरतं, ते साठवायची ही प्लास्टिकची बाटली. टाकी म्हणायचं एवढंच, मावतं लिटरभर. आमच्या टाकीला तळाशी केसाएवढी चीर गेली होती आणि तिथून रात्रभरात तांब्याभर पाणी अंगणात जिरायचं. अंगणात त्या जागी हरळी उगवली होती. त्या साली कॉलनीत तेवढीच हिरवळ होती.

टाकी बदलायला मी गेलो नव्हतो असं नाही. गावाबाहेरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचा दरवाजा, थंडगार हवा, सोफा, कॉफीचं यंत्र. दारात एक कारंजं होतं. ते कोरडं होतं आणि त्यात ‘पाणी वाचवा’ अशी पाटी उभी केली होती. टाय लावलेल्या एका तरुणानं माझ्या गाडीकडं सहानुभूतीनं पाहिलं.

“सर, ही टाकी नाही. ही रिझर्व्हायर असेंब्ली आहे.”

“मग फुटलंय काय?”

“असेंब्ली.”

असेंब्लीचे दोन हजार तीनशे पन्नास. तिच्यासोबत दोन नळ्या बदलाव्या लागतात. टोपण बदलावं लागतं. मग सगळी यंत्रणा धुवून काढावी लागते, नवं कूलंट, मजुरी, कर. एकूण सहा हजार आठशे चाळीस. हे सगळं त्यांनी रंगीत कागदावर छापून दिलं आणि खाली ‘आमच्या परीवारात आपले स्वागत आहे’ असं लिहिलं होतं. मी ‘परीवार’मधली वेलांटी ऱ्हस्व केली आणि कागद परत दिला.

ही सवय धंद्याची. मी लातूरच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. मुद्रितशोधक म्हणजे दुसऱ्यांच्या मोठेपणातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारा माणूस. भव्य सत्कार, विराट मेळावा, ऐतिहासिक भूमिपूजन ही माझी रोजची भाकरी. मोठेपणा कसाही असो, त्यातला अनुस्वार जागच्या जागी पडला की माझं काम झालं.

घरी आलो. बायकोनं विचारलं, “बदलली का टाकी?”

“सात हजार म्हणतात.”

“मग?”

“डिंक लावू. प्लास्टिकचा मिळतो चांगला.”

“अहो, घरात माणसांना मोजून पाणी, अन् गाडीला रोज तांब्या. डिंक लावू म्हणे.”

डिंक लावला. तो आठ दिवस टिकला, मग पुन्हा तांब्या सुरू झाला.

आता बायकोबद्दल सांगायला हवं, कारण ही हकीकत तिची आहे. ती कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायची आणि चाळिशी उलटल्यावर तिनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय: आमच्या भागातले आठवडी बाजार. नऊ वर्षं ती दर सुट्टीला कुठल्या ना कुठल्या बाजारात जाऊन बसली. चाकूर, शिरूर अनंतपाळ, पार तिकडं बिलोलीपर्यंत. मिरचीवाल्या, बांगडीवाल्या, दोरखंडवाले, भंगारवाले, सगळ्यांपुढं पोतं टाकून बसायची आणि विचारायची: किती आणलं, किती विकलं, कोणाला कितीला दिलं. मी गाडीत पुस्तक वाचत थांबायचो. माझं निम्मं वाचन बाजाराच्या कडेला, बाभळीच्या सावलीत झालेलं आहे.

प्रबंध देऊन दीड वर्ष झालं होतं. तोंडी परीक्षेची तारीख दोनदा लागून दोनदा रद्द झाली होती, कारण बाहेरून येणारे परीक्षक फार मोठे होते आणि मोठ्या माणसांना वेळ नसतो. तिसरी तारीख आली: नांदेडला, विद्यापीठात, दुपारी दोन. मार्गदर्शकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. परीक्षकांची परतीची गाडी संध्याकाळी पाचची. मार्गदर्शक स्वतः त्या महिनाअखेर निवृत्त होणार. आज हुकलं तर नवा मार्गदर्शक, नवी समिती, नवा परीक्षक; म्हणजे कधी, ते देवालाही सांगता येणार नाही.

“अडीचला आलात तर मी काही करू शकणार नाही,” ते म्हणाले होते.

आम्ही सकाळी साडेसातलाच लातूर सोडलं. बायकोनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. मागच्या सीटवर प्रबंधाची प्रत, डबा, आणि गाडीसाठी पाण्याची दोन लिटरची बाटली. चाकूर मागं टाकून पाच-सहा किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात पुढं ट्रकांची शेपटी दिसली.

रास्ता रोको होता. आमच्या भागात नव्या जिल्ह्याची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एक जिल्हा तोडून दुसरा करायचा, म्हणजे दुसऱ्यातून तिसरा मागायला माणसं मोकळी. फाट्यावर आडवा मंडप घातला होता. वर फलक: ‘जिल्हा झालाच पाहिजे! भव्य रास्ता रोको व विराट हंडा मोर्चा.’ मंडपासमोर भर रस्त्यात पन्नास-साठ बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. दुष्काळात मोर्चाला घागरी लागतातच. फोटोत बरं दिसतं. स्टेजवर कडक इस्त्रीतले एक नेते माइक धरून सांगत होते, की जिल्हा झाला की घरोघर नळ येईल.

बायकोनं घड्याळाकडं पाहिलं. “तुमच्या पेपरात काही आलं नव्हतं का हो ह्याचं?”

मी आरशातून मागचे ट्रक पाहू लागलो.

“आलं होतं का?”

“आलं होतं. कालच माझ्या हातून गेलं.”

“मग?”

“‘विराट’ची वेलांटी दीर्घ पडली होती. ती मी ऱ्हस्व केली.”

खरं सांगतो, मुद्रितशोधक अक्षरं वाचतो, बातमी वाचत नाही. कुठला फाटा, किती वाजता, हे सगळं माझ्या डोळ्यांखालून शुद्ध होऊन गेलं होतं. बायको माझ्याकडं बघत राहिली.

तास गेला. ऊन चढलं. साडी घामानं भिजू नये म्हणून एसी चालू, म्हणून इंजिन चालू. मागं चार गाड्या सोडून पाण्यानं भरलेला एक टँकर उभा होता. त्याचा ड्रायव्हर सावलीत बसून तंबाखू मळत होता. पुढं नेते महाराष्ट्राच्या स्थापनेपर्यंत आले होते आणि तिथून आजपर्यंत पोचायला त्यांना अजून तास लागेल असं दिसत होतं. तेवढ्यात आमच्या बॉनेटमधून वाफ आली. मी काटा पाहिला. तो तांबड्याच्या पलीकडं गेला होता. इंजिन बंद केलं, उतरलो, फडक्यानं बॉनेट उघडलं. टाकी चिरेपासून टोपणापर्यंत उभी फाटली होती आणि उरलंसुरलं पाणी डांबरावर पसरून वाळतही होतं.

मी जन्मात कधी मोठ्यानं बोललो नसेन. पण त्या क्षणी बायकोच्या नऊ वर्षांचा विचार एकदम डोक्यात आला आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो:

“अगं, टाकी फुटली!”

नेते नेमके श्वास घ्यायला थांबले होते. माझा आवाज पार मंडपापर्यंत गेला.

एक बाई उठली. मग दोन उठल्या. “टाकी फुटली! आगं, टँकरची टाकी फुटली!” आणि मग विराट हंडा मोर्चा घागरी सावरत, पदर खोचत, आमच्या दिशेनं धावत सुटला. बायकांच्या मागं म्हातारे, म्हाताऱ्यांच्या मागं स्वयंसेवक, स्वयंसेवकांच्या मागं फोटोवाला. ट्रकांच्या मधून वाट काढत सगळे टँकरला जाऊन भिडले. स्टेजवर नेते आणि पाच-सहा खुर्च्या उरल्या.

“माता-भगिनींनो, परत या!” माइकवरून आवाज आला. “जिल्हा अजून झालेला नाही!”

टँकरचा ड्रायव्हर टपावर चढला होता. “आवो, माझी टाकी धड हाय! एक थेंब गळंना! कोण बोंबललं?”

साठ बायका आणि साठ घागरी माझ्याकडं वळल्या.

“मी गाडीची टाकी म्हणालो,” मी म्हणालो.

पुढची एक बाई बॉनेटमध्ये वाकली. “ही टाकी? आगं बाई, ह्याच्यापरीस माझ्या नातवाची दुधाची बाटली मोठी हाय!”

“एवढ्याशासाठी एवढं वरडतेत व्हय भाऊ?” दुसरी म्हणाली.

तिसरीनं काचेवरचं स्टिकर पाहिलं. “प्रेस लिवलंय. मंग बरोबर हाय.”

सगळ्या हसल्या. भर उन्हात, रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन, पोट धरून हसल्या. मी इतक्या लोकांना एकाच वेळी आनंद दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. तिकडं बंदोबस्तावरच्या फौजदारानं मोकळा रस्ता पाहिला, हातची संधी न दवडता शिट्टी फुंकली आणि ट्रक सोडायला सुरुवात केली. दहा मिनिटांत सगळी रांग निघून गेली. टँकरही हॉर्न देत गेला. नांदेडचा रस्ता समोर लख्ख मोकळा झाला होता आणि त्यावर एकच गाडी जागची हलत नव्हती: आमची.

बायको खाली उतरली. तिला पाहून मघाची ती नातवाची बाटलीवाली ओरडली, “आवो, ह्या त बाजारातल्या म्याडम! चाकूरच्या बाजारात माझ्या मिरचीपाशी बसल्या होत्या. किती आणली, किती उरली, उरल्याली काय केली, समदं इचारलं मला.”

“उरलेली खाल्ली म्हणून सांगितलंत तुम्ही,” बायको म्हणाली.

“मंग काय, फेकू व्हय? आन् आज नटूनथटून कुठं?”

“परीक्षा आहे. नांदेडला. दोन वाजता.”

“ह्या वयात?”

“ह्या वयात. बाजाराचीच परीक्षा आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं लिहून दिलंय, ते खरं का खोटं ते आज ठरवणार आहेत.”

“खोटं कसं आसंल? मी काय खोटं सांगते?” मिरचीवाली एकदम तापली. आता तो तिच्याही अब्रूचा प्रश्न झाला. ती वळली आणि मोर्चाला घेऊन आलेल्या टेंपोवाल्याला हाक मारली. “ए, दोर हाय का तुझ्याकडं?”

“मावशे, गाडी साहेबांच्या मोर्चाला लावली हाय. साहेब इचारतील.”

“साहेबाला सांग, मोर्चा चाकूरला गेला. आज बाजार हाय न्हवं तिथं? म्याडम, तो भंगारवाला चाचा बसतो की, त्याच्याकडं असल्या बाटल्या लटकल्याल्या असतात.”

बायकोनं कपाळावर हात मारला. चाचाला ती चांगली ओळखत होती. नऊ वर्षांत तिनं त्याच्यापुढं तीनदा पोतं टाकलं होतं. अशा रीतीनं आम्ही नव्या जिल्ह्याच्या झेंड्यांनी सजलेल्या टेंपोच्या मागं दोराला बांधून चाकूरला परत निघालो. टेंपोत आठ-दहा बायका होत्या. वाटेत भेटणाऱ्या लोकांना वाटलं, आमचाच सत्कार आहे.

बाजाराच्या कडेला गाडी लावली आणि मी फुटकी टाकी हातात घेऊन पुढं पळालो. चाचानं ताडपत्रीवर आरसे, हॉर्न, दिवे, वायपर मांडले होते, आणि वर दोरीला निरनिराळ्या गाड्यांच्या टाक्या दुधी भोपळ्यासारख्या लटकत होत्या. त्यानं माझ्या हातातली टाकी पाहिली, मग माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला, आणि एक टाकी काढून दिली.

“ही बसंल.”

“आमच्याच गाडीची आहे का?”

“न्हाई. पर दोन नळ्या, दोन भोकं, एक टोपण. इंजिनाला काय लिहितावाचता येतंय?”

“गॅरंटी?”

“फुटंस्तोवर.”

“किती?”

“नऊशे.”

मी सात हजारांचा कागद पाहून आलेला माणूस. नऊशे मला इतके स्वस्त वाटले की मी घासाघीस म्हणून नुसतं “काहीतरी कमी करा” म्हणालो आणि पाकीट काढलं. चाचानं पाकीट पाहिलं आणि काहीच कमी केलं नाही.

तेवढ्यात मागून बायको आली. “चाचा, ओळखलं का?”

चाचानं चष्मा लावला. “अरे! कागदवाली बाई! ये साब तुमचे?”

“आमचेच. ही टाकी वजनाला किती भरेल हो, चाचा?”

चाचा खो खो हसायला लागला. “आता तुम्ही वजन काढलं म्हणजे मी मेलो.”

“वजनावर घेता आणि नगावर विकता. तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं खरं. पर ते किताबात लिहायला सांगितलं होतं, मला वाचून दाखवायला न्हाई.”

“मग?”

“दीडशे द्या.”

मी नऊशे मोजत होतो तो तसाच थांबलो. बायकोनं माझ्या हातातल्या नोटांतून दीडशे वेगळे काढून चाचाला दिले आणि बाकीचे माझ्या खिशात परत घातले. चाचा मला म्हणाला, “बुरा मत मानो साब. तुमची अन् माझी वळख न्हवती.”

त्यानं स्वतः पक्कड घेऊन टाकी बसवली. इंजिन गार होईपर्यंत आम्ही बाजूला उभे होतो. मिरचीवालीनं घोषणा द्यायला म्हणून दिलेला जिल्ह्याचा झेंडा बायकोच्या डोक्यावर सावलीला धरला होता. मग चाचानं आपल्या जारमधून पाणी ओतलं. आमची दोन लिटरची बाटली फाट्यावर वाफ बसवण्यातच संपली होती. ओतून झाल्यावर त्यानं हात पुढं केला.

“पाण्याचे साठ.”

“चाचा, टाकी दीडशेची आणि पाणी साठचं?” मी म्हणालो.

“टाकी जुनी हाय साब. पाणी ताजं हाय.”

बायकोनं घासाघीस न करता साठ रुपये दिले, आणि पर्समधून पेन काढून प्रबंधाच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहून घेतलं. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

सव्वाअकराला आम्ही निघालो. फाट्यावरून जाताना ते नेते एका कॅमेऱ्यासमोर उभे होते आणि आंदोलन शंभर टक्के यशस्वी झाल्याचं सांगत होते. त्यानंतर मी रस्त्यापेक्षा काट्याकडंच जास्त पाहिलं. अहमदपूर आलं, लोहा आलं. काटा मधोमध बसून होता, आज्ञाधारक कारकुनासारखा. बायकोनं डबा उघडला नाही. मी म्हटलं, “एकदा नजर टाक प्रबंधावर.” ती म्हणाली, “नऊ वर्षं टाकलीय.”

दोनला आठ मिनिटं कमी असताना आम्ही सभागृहात शिरलो. बायकोच्या पदरावर पक्कड पुसल्यासारखा ग्रीसचा पट्टा होता. चाचाला टाकी धरू लागताना लागला असणार. स्टेजवर फलक होता, त्यावर ‘मौखीक परीक्षा’ लिहिलं होतं. मी पाहून घेतलं आणि गप्प बसलो. दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांना शाल दिली, पुष्पगुच्छ दिले, मग शाल देणाऱ्यांना शाल दिली. यात वीस मिनिटं गेली. मोठे परीक्षक सारखं घड्याळ पाहत होते. ते बारीक अंगाचे, सौम्य गृहस्थ निघाले. मोठेपणा त्यांच्यापेक्षा त्यांच्या भोवतालच्यांनाच जास्त जड झाला होता.

बायकोनं पंधरा मिनिटं मांडणी केली. मग परीक्षकांनी चष्मा काढला.

“बाई, तुम्ही प्रबंधात एक धाडसी विधान केलं आहे. आठवडी बाजारात भाव मालाला नसतो, ओळखीला असतो. मला हे अर्थशास्त्र कमी आणि कविता जास्त वाटते. याला आधार काय?”

मार्गदर्शकांनी टेबलावरचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. बायकोनं समोरची टिपणं मिटवली.

“सर, आज सकाळी आमच्या गाडीची टाकी फुटली,” ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही सजवलं नाही, नुसते भाव सांगितले. काचेच्या दारामागं दोन हजार तीनशे पन्नास, आणि तिच्या सोबतीला लागणाऱ्या गोष्टी धरून सहा हजार आठशे चाळीस. ताडपत्रीवर अनोळखी माणसाला नऊशे. दहा मिनिटांनी, त्याच ताडपत्रीवर, त्याच टाकीचे ओळखीच्या बाईला दीडशे. “नऊशेवाले ते तिथं तिसऱ्या रांगेत बसले आहेत,” ती म्हणाली. सगळं सभागृह वळून माझ्याकडं बघायला लागलं. एका दिवसात दुसऱ्यांदा मी लोकांना हसवलं.

समितीतले एक जाडजूड प्राध्यापक मात्र हसले नाहीत. “हा किस्सा झाला, बाई. किस्सा म्हणजे संशोधन नव्हे. विदा कुठाय? आकडेवारी?”

“पान दोनशे चौदा, सर. विक्रेता क्रमांक एकतीस. तोच माणूस आहे.”

परीक्षकांनी प्रत उघडली, पानं उलटली, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: “खरेदी वजनावर, विक्री नगावर. अनोळखी ग्राहक व ओळखीचा ग्राहक यांच्या भावात पाच ते सहा पट तफावत.” मग त्यांनी समोरच्या कागदावर भागाकार केला. “नऊशे भागिले दीडशे.” त्यांनी मान वर केली. “सहा.”

कोणीतरी टाळी वाजवली. मी नव्हे, मला तेवढं सुचलं नव्हतं. पण एकदा सुरू झाल्यावर मी थांबलो नाही.

“आणि सर्व्हिस सेंटरचा भाव तुमच्या सूत्रात कुठं बसतो?” परीक्षकांनी विचारलं. आता ते पुढं झुकून बसले होते.

“तिथं ओळख लागत नाही, सर. तिथं सोफ्याचे पैसे असतात.”

“म्हणजे ओळखीला सगळं स्वस्त?”

“सगळं नाही. चाचानं पाण्याचे साठ रुपये घेतले. ओळखीच्या बाईकडूनही. टाकीचा भाव सहा पट खाली आला, पाण्याचा पैसासुद्धा उतरला नाही. नऊ वर्षांत अशी वस्तू मला बाजारात कधी सापडली नव्हती. प्रबंधात ती नाही. आज सकाळी कळली. मी मागच्या पानावर लिहून घेतलीय.”

परीक्षकांनी ते पान मागून घेतलं. पेनानं घाईघाईत लिहिलेल्या त्या तीन ओळी त्यांनी दोनदा वाचल्या, आणि मग घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. पुढचा पाऊण तास ते प्रश्न विचारत राहिले. उरलेल्या मिरचीचं काय होतं? पाऊस नसलेल्या वर्षी बांगडीवाली कुठं जाते? बिलोलीच्या बाजारात दोन भाषांत घासाघीस कशी चालते? बायको उत्तरं देत होती, आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की मी बाभळीखाली पुस्तकं वाचत बसलो होतो तेव्हा माझ्यापासून वीस पावलांवर काय चाललं होतं. ते जाडजूड प्राध्यापकही शेवटी एक प्रश्न विचारून गेले, आणि तो खरंच माहिती करून घेण्यासाठी होता.

चार वाजता समिती आत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली. परीक्षक उभे राहिले. त्यांनी भाषण केलं नाही. गाडीची वेळ झाली होती, पण तेवढंच कारण नसावं. पदवी देण्याची शिफारस एकमतानं करत आहोत, एवढंच ते म्हणाले. मागच्या पानासाठी पुरवणी लिहा, ती मी स्वतः छापून आणतो, असंही म्हणाले.

टाळ्या सुरू झाल्या. बायको अजून तिथंच, बोलायच्या टेबलामागं, दोन्ही हात टेबलावर टेकून उभी होती. पावणेदोन तास ती तशीच उभी होती हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मार्गदर्शक उठले. त्यांनी पुष्पगुच्छ बाजूला सारले, आपली उंच पाठीची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून स्टेजवरून पुढं आणली आणि तिच्या मागं ठेवली.

“बसा, डॉक्टर,” ते म्हणाले.

ती बसली.